झाडावरच रुजणारी रोपं

कांदळवनाच्या रोपवाटिकेत नवीन आलेल्या पोरांना मी आधी ‘होर्तुस मलबारिकुस’मधली चित्रं दाखवतो. कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन र्‍हीड याने करवून घेतलेला हा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात छापला गेला. मजकुराला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचा हातभार होता. नि चित्रकाराने झाडावर लोंबणाऱ्या कांदळाच्या शेंगा हुबेहूब काढल्यात! खरं तर त्या शेंगा नव्हेतच. बी झाडावरच रुजतं आणि फळातून कोंबाचा दांडा खाली वाढतो. दांडा खडबडीत, चांगला हातभर लांब असला की मोठा कांदळ. झुंबराचा गुळगुळीत, आखूड, डोक्यावर लाल टोपी. तिवराचं बी फळातच रुजतं, पण साल फोडत नाही. ते भरतीत तरंगतं, साल गळते आणि घडी घातलेली जाड दलं उघडतात. चिप्पीचं मात्र तसं नाही. तिची फळं कुजवून बारीक बिया चिखलात पेरायच्या. रोपं इतकी नाजूक की पहिल्या भरतीला निम्मी जातात.

खारभूमीचे बांध घालणाऱ्या आमच्या पूर्वजांना ही ओळख होतीच. ते तिवर तोडायचे ते चुलीसाठी. लावायची वेळ मात्र आमच्यावर आली. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने तोडीला मनाई केली, 2012 साली वनखात्याचा कांदळवन कक्ष निघाला.