कावेरीकाठची मेंढरे

तंजावरच्या उत्तरेस कावेरीतीरी वसलेले तिरुवैयारु हे पंचनद्यांचे क्षेत्र. भातकापणी आटोपली, की रामनाथपुरमकडचे मेंढपाळ या खोऱ्यात उतरतात आणि रिकाम्या खाचरांत मेंढरे बसवितात. आपल्याकडच्या धनगरांना ही रीत सांगावयास नको! परंतु ज्या ओलीवर भात पोसते, तिच्यातच पाणगोगलगाय वाढते. तिच्या देहातून बाहेर पडलेले चपट्या कृमीचे पिल्लू गवताला कोश करून चिकटते आणि घासाबरोबर मेंढराच्या यकृतात पोहोचते. मेंढरू रोडावते, जबड्याखाली सूज येते.

दुसरे सरफोजी राजे (१७९८–१८३२) यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांचीही औषधे सिद्ध होत. पळसबी, वावडिंग आणि कपिला ही आयुर्वेदातील नामांकित कृमिघ्न द्रव्ये होत. मात्र त्यांचा लौकिक पोटातील जंतांपुरता. यकृतात दडलेल्या कृमीसाठी त्यांवर विसंबणे धोक्याचे. गोगलगाईचा या रोगातील वाटा युरोपातील शास्त्रज्ञांनी उलगडला तो १८८३ च्या सुमारास, म्हणजे सरफोजींच्या पश्चात अर्धशतकाने. तो कळल्यावर खरा नैसर्गिक उपाय औषधाच्या खलाबाहेर सापडला: पाणी ओसरताना कडेला उरणाऱ्या हिरव्या गवतापासून कळप दूर ठेवावा आणि उंचवट्याच्या कोरड्या रानात चारावा.