चोरीला गेलेले सूर : 'सॉनिक युथ'ची तीस वर्षे

१/ जुलै १९९९. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत एका बँडचा ट्रक आतील वाद्यांसह चोरीला गेला. बँडचे नाव 'सॉनिक युथ'. गिटार दुकानात मिळते. नवी घ्यावी आणि पुढे चालावे, असे कोणालाही वाटेल. परंतु या चोरीबरोबर काही गाणीच हातची गेली. ती कशी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. #धागा

२/ १९७५ साली न्यूयॉर्क महानगर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते. मॅनहॅटनच्या दक्षिण भागातील कारखाने ओस पडले होते, भाडी उतरली होती. त्या रिकाम्या मजल्यांवर चित्रकार, नर्तक आणि संगीतकार राहू लागले. कलादालन आणि रॉक क्लब यांच्यातली भिंत तेथे फार पातळ होती.

३/ याच परिसराला आपल्याशी जोडणारा एक धागा आहे. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले. ज्या घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेला आपले घर मानले, तेच हे घराणे. प्रयोगशील संगीतकार ला मॉन्टे यंग प्राणनाथांचे शिष्य झाले. अखंड षड्जाचे आकर्षण त्यांना आधीपासूनच होते; तंबोऱ्याने ते अधिक खोल केले.

४/ यंग यांच्याकडे शिकलेल्या ऱ्हिस चॅटम यांनी १९७७ च्या सुमारास तोच विचार विजेच्या गिटारवर आणला : सूर मोजके, आवाज प्रचंड आणि लक्ष सारे उपस्वरांवर. ग्लेन ब्रँका यांनी त्याच वाटेने गिटारींचे ताफे उभारले. ब्रँकांच्या ताफ्यात दोन तरुण वाजवत असत : ली रनाल्डो आणि थर्स्टन मूर.

५/ जून १९८१ मध्ये मूर यांनी 'व्हाइट कॉलम्स' या कलादालनात 'नॉइज फेस्ट' भरवला. मूर, रनाल्डो आणि चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या किम गॉर्डन यांचा बँड त्याच वर्षी आकाराला आला. पहिली ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये ब्रँकांच्याच 'न्यूट्रल' कंपनीने काढली. १९८५ मध्ये ड्रमवादक स्टीव्ह शेली आले आणि शेवटपर्यंत राहिले.

६/ आता मूळ मुद्दा. बँडकडे पैसे नव्हते. गिटारी स्वस्तातल्या होत्या आणि रूढ स्वरजुळणीत त्या धड वाजत नसत. म्हणून जुळणीच बदलण्यात आली. कधी दोन तारा एकाच स्वरात लावायच्या, कधी त्या किंचित ढळू द्यायच्या. तारांखाली ड्रमची काठी वा स्क्रू ड्रायव्हर खोचायचा. तंबोऱ्याच्या जवारीवर ज्याने कधी कान ठेवला आहे, त्याला या गुंजनाची ओढ परकी वाटणार नाही.

७/ याचा व्यावहारिक परिणाम मोठा झाला. दर गाण्याआधी सगळ्या खुंट्या पिळत बसणे मंचावर शक्य नसते. त्यामुळे एकेका जुळणीसाठी एकेक गिटार राखून ठेवावी लागली. एखाद्या गिटारीच्या दोषातूनच एखादे गाणे जन्मले, तर ते त्या वाद्यापुरतेच राहिले. गाण्याची वही म्हणजे ती गिटारच.

८/ 'इव्हॉल' (१९८६), 'सिस्टर' (१९८७) आणि दुहेरी अल्बम 'डेड्रीम नेशन' (१९८८) हे सारे लहान, स्वतंत्र कंपन्यांकडून आले. यांतील शेवटचा अल्बम पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २००५ च्या यादीत घेतला. ज्याला गोंगाट म्हणून हिणवले गेले, तो राष्ट्रीय ठेवा ठरला.

९/ १९९० मध्ये 'गू' हा अल्बम गेफेनसारख्या मोठ्या कंपनीच्या डीजीसी या शाखेकडून निघाला. चाहत्यांपैकी काहींना ही तत्त्वच्युती वाटली. मात्र याच बँडच्या शिफारशीचा आधार मिळून 'निर्वाणा' त्या कंपनीत आला आणि सप्टेंबर १९९१ मधील 'नेव्हरमाइंड'ने रॉकची बाजारपेठ पालटली. दार ज्यांनी उघडले, त्यांच्यापेक्षा आत शिरलेले कितीतरी अधिक विकले गेले.

१०/ तरीही प्रयोग थांबला नाही. १९९७ पासून बँडने स्वतःच्या छोट्या कंपनीतून, बाजाराची पर्वा न करता, ध्वनिमुद्रणे काढली. १९९९ च्या 'गुडबाय ट्वेंटिएथ सेंच्युरी'मध्ये जॉन केज, स्टीव्ह राइश आदींच्या रचना वाजवल्या. मोठ्या कंपनीचा पैसा एका हाती आणि प्रयोगाचे स्वातंत्र्य दुसऱ्या हाती, अशी ही कसरत होती.

११/ आणि त्याच वर्षी ती चोरी. दोन दशके जमवलेली, कोरून-घासून बदललेली वाद्ये नाहीशी झाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचे तर एक दफ्तरखाना लुटला गेला. चोरांना ती केवळ जुनी गिटार वाटली असेल. तिच्यातला दस्तऐवज त्यांना वाचता येणारच नव्हता.

१२/ त्यानंतरच्या 'एनवायसी घोस्ट्स अँड फ्लॉवर्स'ला (२०००) 'पिचफोर्क'ने दहापैकी शून्य गुण दिले. सप्टेंबर २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील हल्ल्यात विमानाच्या इंजिनाचा भाग मरी स्ट्रीटवर पडला. बँडचा स्टुडिओ त्याच रस्त्यावर होता. २००२ च्या अल्बमला त्यांनी त्या रस्त्याचेच नाव दिले. चोरीला गेलेली काही मोजकी वाद्ये पुढे परत मिळाली. बहुतेक मिळाली नाहीत.

१३/ शेवट मात्र वाद्यांमुळे झाला नाही. मूर आणि गॉर्डन यांचा विवाह १९८४ चा. ऑक्टोबर २०११ मध्ये ते विभक्त होत असल्याचे जाहीर झाले. १४ नोव्हेंबर २०११ रोजी ब्राझीलमधील साओ पाउलो राज्यात शेवटची मैफल झाली. चोरी, टीका, बाजार हे सगळे पचवलेला बँड एका घराच्या मोडण्याने थांबला.

१४/ रॉकचा इतिहास आपण बहुधा विक्रीचे आकडे आणि नायकांची नावे यांतून लिहितो. या बँडचा इतिहास वेगळी साधने मागतो : स्वस्त भाडी, सदोष लाकूड, ढिल्या खुंट्या आणि माणसांमधली नाती. गाणी ध्वनिमुद्रणात उरतात. ती ज्यातून निघाली ते लाकूड व ती नाती जपण्याची सोय कोणत्याही नोंदवहीत नसते. (समाप्त)