कॉन्झर्व्हेटिव्ह विचार: सरकारी खर्च, टॅक्स आणि आरोग्य विमा



अमेरिकेत निवडणुकीचा मोसम आला की 'स्मॉल गव्हर्नमेंट', 'टॅक्स कट', 'मेडिकेअर रिफॉर्म' हे शब्द दिवसरात्र कानावर पडतात. आपल्यापैकी बरेच जण सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजात शिकून इथे आले. त्यामुळे सरकारने खर्च कमी करावा असे म्हणणारा माणूस आपल्याला सुरुवातीला जरा निष्ठुरच वाटतो. आम्हाला स्वतःला हा विचार बऱ्याच अंशी पटतो. तो नेमका काय आहे, आणि आपल्या पगाराशी व आईवडिलांच्या औषधपाण्याशी त्याचा काय संबंध आहे, हे एका ठिकाणी मांडावे म्हणून हा लेख. मंडळ कोणत्याही पक्षाचे नाही, मते आमची आहेत.

मूळ मुद्दा काय?

१९७६ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले मिल्टन फ्रीडमन पैसा खर्च करण्याचे चार प्रकार सांगत. आपला पैसा स्वतःवर खर्च करताना आपण किंमतही पाहतो आणि मालही पाहतो. आपल्या पैशाने दुसऱ्याला भेट देताना किंमतीकडे जास्त लक्ष असते. दुसऱ्याच्या पैशाने स्वतः जेवताना मेन्यूकार्डाची उजवी बाजू कोणी पाहत नाही. आणि दुसऱ्याचा पैसा तिसऱ्यावर खर्च करताना किंमत आणि माल, दोन्हींकडे दुर्लक्ष होते. सरकारी खर्च या चौथ्या प्रकारात येतो. आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

सरकार नकोच, असे हा विचार म्हणत नाही. सैन्य, न्यायालये, रस्ते, खरोखर निराधार माणसाला आधार हे सरकारने करावेच. मात्र पैसे भरणारा आणि खर्च करणारा यांच्यातले अंतर कमी असावे. जे काम कुटुंबाला जमते ते कुटुंबाने करावे, जे राज्याला जमते ते वॉशिंग्टनने करू नये. टेलिफोन आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावणारी आपली आईवडिलांची पिढी आठवली आणि १९९१ नंतर काय बदलले ते पाहिले, तर हा विचार आपल्याला फारसा परका वाटू नये.

अंथरूण आणि पाय

२०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारचे उत्पन्न सुमारे ४.९ ट्रिलियन डॉलर होते आणि खर्च सुमारे ६.७५ ट्रिलियन. (एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी.) घरगुती हिशोबात सांगायचे तर वर्षाला ४९ हजार कमावणारे कुटुंब साडेसदुसष्ट हजार खर्च करते, उरलेले क्रेडिट कार्डावर टाकते, आणि त्या कार्डावर आधीचे साडेतीन लाखांहून जास्त थकलेले आहेत. त्याच वर्षी कर्जावरचे व्याज संरक्षण खर्चाच्याही पुढे गेले.

देश म्हणजे घर नव्हे, तो स्वतःच्या चलनात कर्ज काढतो, असे विरोधक म्हणतात. ते खरे आहे. पण व्याज तर भरावेच लागते, आणि ते आपली मुले भरणार आहेत.

पगाराच्या स्लिपवर काय दिसते?

सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के आपल्या पगारातून जातात. तेवढेच कंपनी भरते. कंपनीचा हिस्साही शेवटी आपल्याच पगारातून येतो, असे बहुतेक अर्थशास्त्रज्ञ मानतात. हा पैसा आपल्या नावाने साठत नाही. आज काम करणाऱ्यांच्या पैशातून आज निवृत्त असलेल्यांचे लाभ दिले जातात. १९६० मध्ये एका लाभार्थ्यामागे पाच कामकरी होते, आता तीनही नाहीत. विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार सोशल सिक्युरिटीचा निवृत्ती निधी आणि मेडिकेअरचा हॉस्पिटल निधी, दोन्ही २०३३ मध्ये आटतील. काही बदल केला नाही तर त्यानंतर निवृत्तीचे सुमारे ७७ टक्केच लाभ देता येतील.

यावर कॉन्झर्व्हेटिव्ह उपाय वेळोवेळी पुढे आले. १९८३ मध्ये रेगन यांच्या काळात पूर्ण निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६५ वरून ६७ करण्याचा कायदा झाला. २००५ मध्ये जॉर्ज बुश यांनी वैयक्तिक खात्यांची योजना मांडली, ती बारगळली.

एच-वन-बी वर असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निवृत्तीच्या लाभासाठी ४० क्रेडिट, म्हणजे किमान दहा वर्षांचे काम लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार नाही. सात वर्षांनी कायमचे परत गेलात, तर भरलेला पैसा परत मिळत नाही. हाच पैसा ४०१(के) सारख्या स्वतःच्या खात्यात असता तर तो आपल्याबरोबर आला असता.

टॅक्स: दर कमी, सवलती कमी

१९८१ मध्ये रेगन आले तेव्हा आयकराचा सर्वात वरचा दर ७० टक्के होता. त्या वर्षीच्या कायद्याने तो ५० वर आणला आणि १९८६ च्या कायद्याने २८ वर. १९८६ चा कायदा दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला. दर खाली आणायचे आणि पळवाटा बंद करायच्या, हे त्याचे सूत्र. २०१७ च्या कायद्याने कंपन्यांचा दर ३५ वरून २१ टक्के केला, पण राज्य व स्थानिक करांच्या वजावटीवर १० हजारांची मर्यादा घातली. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींना ती चांगलीच झोंबली. २०२५ च्या कायद्याने ती तात्पुरती ४० हजारांवर नेली.

इथे रिपब्लिकन पक्षालाही जाब विचारला पाहिजे. खर्च न कापता टॅक्स कापला की तूट वाढते. २०२५ च्या कायद्याने दहा वर्षांत सुमारे ३.४ ट्रिलियनची भर पडेल, असा काँग्रेसच्या बजेट ऑफिसचा अंदाज होता. असा टॅक्स कट म्हणजे मुलांच्या नावावर काढलेली उचल.

विमा नोकरीला का बांधला गेला?

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर बंधने घातली. माणसे टिकवण्यासाठी कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या. १९५४ च्या कायद्याने त्या विम्यावर आयकर नाही हे पक्के केले. तेव्हापासून नोकरी गेली की विमाही जातो. एच-वन-बी वाल्याला तर नोकरी गेल्यावर साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते, आणि त्याच काळात कोब्राचा पूर्ण हप्ता खिशातून भरावा लागतो.

कॉन्झर्व्हेटिव्ह मत असे की ही टॅक्स सवलत कंपनीच्या विम्याला न देता थेट कुटुंबाला द्यावी, म्हणजे विमा आपल्या मालकीचा राहील. २००८ मध्ये जॉन मॅकेन यांनी कुटुंबामागे पाच हजार डॉलरची टॅक्स क्रेडिट सुचवली होती. प्रत्यक्षात आलेला भाग म्हणजे २००३ च्या कायद्यातले हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट. पात्र हाय-डिडक्टिबल विमा असेल तर २०२६ मध्ये कुटुंबाला त्यात ८,७५० डॉलरपर्यंत भरता येतात. भरताना आयकर नाही, वाढीवर नाही, औषधोपचारासाठी काढताना नाही. शिल्लक पुढच्या वर्षी जाते आणि नोकरी बदलली तरी खाते आपलेच.

या मताची कमजोर बाजूही सांगायला हवी. छातीत कळ आलेला माणूस दर विचारत हिंडत नाही, आणि जुना आजार असलेल्याला खुल्या बाजारात विमा मिळणे कठीण. २०१० च्या ओबामा यांच्या कायद्याने विमा कंपन्यांना जुन्या आजारामुळे नकार देण्यास मनाई केली. ज्यांच्या घरी मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. अशा रुग्णांसाठी उघडपणे वेगळा सरकारी निधी ठेवावा आणि बाकीच्यांचे हप्ते त्यासाठी फुगवू नयेत, हे यावर कॉन्झर्व्हेटिव्ह उत्तर आहे. निधी पुरेसा ठेवला तरच ते खरे उत्तर ठरेल.

आईवडील इथे येणार असतील तर

ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांना वय ६५ आणि सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर मेडिकेअर विकत घेता येते. मेडिकेडसाठीही १९९६ च्या कायद्याने साधारण पाच वर्षांची अट आहे, आणि बोलावणाऱ्या मुलाने दिलेले आर्थिक हमीपत्र कायद्याने बंधनकारक असते. बोलावणाऱ्याने जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व आपल्या घरांत नवे नाही. पण ती पाच वर्षे कशी निभवायची याचा हिशोब अर्ज भरण्याआधी करावा.

मत देण्याचा अधिकार असो वा नसो, उमेदवार दारात आला तर त्याला तीन प्रश्न जरूर विचारा: हा पैसा कोणाचा, तो कोण खर्च करणार, आणि बिल कोण पाहणार? तो कोणत्याही पक्षाचा असो, या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली पाहिजेत.