गोडीची परीक्षा

वैद्यकाचा इतिहास आपण बहुधा औषधांचा इतिहास म्हणून वाचतों. अमुक सालीं अमुक औषध सांपडलें आणि लक्षावधि माणसें वांचलीं, ही कथा ऐकावयास बरी वाटते. परंतु औषधापूर्वीं निदान आणि निदानापूर्वीं परीक्षा, असा क्रम आहे. माणूस रोगास त्याचें नांव-गांव कसकसें विचारीत आला, हें मधुमेहाच्या उदाहरणावरून येथें थोडक्यांत पाहावयाचें आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत रोगिपरीक्षेचा विचार करतांना ग्रंथकारानें एक मार्मिक अपवाद केला आहे. वैद्यानें डोळा, कान, नाक, त्वचा या सर्व इंद्रियांनीं रोग्याचें शरीर तपासावें. जिव्हेनें मात्र नव्हे. शरीराचा रस अनुमानानेंच जाणावा. अंगावर माशा येऊं लागल्या तर तेथें माधुर्य वाढलें आहे असें समजावें. प्रमेहाच्या पूर्वलक्षणांतहि, मूत्राकडे मुंग्या धांव घेतात, हें नमूद आहे. इंग्लंडांत टॉमस विलिस या वैद्यानें १६७४ सालीं या रोगांतील मूत्र मधासारखें गोड असल्याचें लिहिलें, तें जिव्हेच्या साक्षीनें. पुढें १७७६ सालीं लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननें तें मूत्र आटवून पाहिलें. तळाशीं जें उरलें, ती साखरच निघाली. रोग्याच्या रक्तरसांतहि त्यास गोडी आढळली. ही गोष्ट मोठ्या महत्त्वाची होती. साखर मूत्रपिंडांत उत्पन्न होत नसून रक्तांतून तेथें उतरते, असा तिचा अर्थ होता.

मुंगी झाली, जीभ झाली, आटवण्याचें भांडें झालें. परंतु या सर्वांनीं रोगाची खूण ओळखली, कारण ओळखलें नाहीं. तें योगायोगानें पुढें आलें. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें फॉन मेरिंग व मिंकोव्स्की यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें. त्यांचें लक्ष पचनक्रियेकडे होतें. पण तो कुत्रा वारंवार लघवी करूं लागला, आणि तपासतां तींत साखर सांपडली. याच धाग्यावरून १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं स्वादुपिंडाचा अर्क तयार केला. ११ जानेवारी १९२२ रोजीं चौदा वर्षांच्या एका मुलास तो प्रथम टोंचला, तेव्हां फारसा गुण आला नाहीं. कॉलिपनें शुद्ध केलेला अर्क २३ तारखेस टोंचतांच साखर झपाट्यानें उतरली. तेंच इन्सुलिन होय.

आतां कारण पुरतें हातीं आलें, असें कोणासहि वाटलें असतें. परंतु १९३६ सालीं हिम्सवर्थनें दाखवून दिलें कीं, कांहीं रोग्यांत इन्सुलिनची उणीव असते, तर कांहींचें शरीर इन्सुलिनला दादच देत नाहीं. नांव एक, रोग दोन! आमच्या पुण्याजवळच्या खेड्यांतूनहि या कोड्यास नवा पेंच पडला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत तेथील अर्भकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील अर्भकांचें ३.५ किलो भरलें. तथापि आमच्या या हलक्या अर्भकांच्या अंगीं चरबी त्या मानानें कमी नव्हती. बारीक दिसणारा मनुष्य या रोगापासून सुरक्षित, ही समजूत म्हणूनच भ्रामक आहे.

हें मला घरींच शिकावें लागलें. माझे वडील जन्मभर सडपातळ. मधुमेह जडल्यावर ते रोज सकाळीं स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळींत बेनेडिक्टचें निळें द्रावण तापवीत व त्यांत लघवीचे आठ थेंब टाकीत. साखर नसल्यास रंग निळाच राही. असल्यास हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि शेवटीं विटेसारखा तांबडा होई. आम्हां मुलांना तो खेळच वाटे. निळा रंग दिसला कीं वडील समाधानानें चहाकडे वळत. पुढें पायाची जखम महिनोन्‌महिने भरेना, दृष्टीहि मंदावली, तेव्हां रक्त तपासलें. जेवणानंतरची साखर फार चढलेली होती. रक्तांतील साखर साधारणतः १८० मिलिग्रॅमची पायरी ओलांडीपर्यंत लघवींत उतरतच नाहीं, आणि वयोमानानें ही पायरी आणखी उंच होते. निळा रंग खोटें बोलला नव्हता. सकाळचें उत्तर आम्हीं सबंध दिवसाचें समजलों, हीच आमची चूक.

आज रक्तरंजक द्रव्यास चिकटलेल्या साखरेवरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. इराणांतील सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तांत हें द्रव्य १९६८ सालीं आढळलें. २०११ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें ६.५ टक्के ही निदानाची मर्यादा मान्य केली आहे. परंतु तांबड्या पेशींचें आयुष्य सुमारें १२० दिवस धरूनच हा हिशेब बसतो. रक्तक्षयानें अथवा रक्तस्रावानें तें बदललें, कीं हाहि आंकडा फसवतो.

तात्पर्य, परीक्षा उत्तर देते तें आपण विचारलेल्या प्रश्नापुरतेंच. चरकानें वैद्याची जीभ आंवरून त्यास अनुमान करावयास लावलें. साधनें पालटलीं, तरी तें काम कोणत्याहि यंत्रानें अद्याप आपल्या माथ्यावरून उतरविलेलें नाहीं. हातीं आलेला कागद वैद्यास दाखवितांना त्यावरील आंकड्याबरोबरच, 'या परीक्षेनें काय कळत नाहीं?' हेंहि विचारावें. वडिलांच्या वेळीं तें आम्हांस सुचलें नाहीं.