रुमाल टाकून धरलेली फाईल

एकाच फाईलमध्ये दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी लिहायला घेतलं तर काय होतं? युनिक्स घडवणाऱ्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांना या प्रश्नाची फारशी काळजी नव्हती. १९७४ साली एसीएमच्या मासिकात त्यांनी युनिक्सची ओळख करून देणारा लेख लिहिला. आमच्याकडे फाईलला कुलूप लावायची सोय नाही, ती गरजेचीही नाही आणि पुरेशीही नाही, असं त्यात सरळ म्हटलंय. गरजेची नाही, कारण अनेक स्वतंत्र प्रोग्रॅम मिळून एकच मोठी फाईल सांभाळताहेत असा प्रसंग त्यांच्यावर येत नव्हता. पुरेशी नाही, कारण दोघांचे एडिटर आधी फाईलची प्रत काढून तिच्यात बदल करत असतील, तर कुलूप असूनही गोंधळ टळत नाही.

दुसरा मुद्दा बिनतोड आहे. पहिला मात्र टिकला नाही, आणि त्याला कारण झालं टपाल!

युनिक्सवर पुढे रूढ झालेली पद्धत अशी: माणशी एक फाईल, तुमची सगळी पत्रं तिच्यात एकाखाली एक. नवं पत्र आणणारा प्रोग्रॅम ते शेवटी चिकटवणार. आता समजा, तुम्ही पत्रं वाचताय. वाचायच्या प्रोग्रॅमने पूर्ण फाईल आत घेतली, तुम्ही दोन पत्रं खोडलीत, आणि उरलेली फाईल त्याने परत लिहून ठेवली. मधल्या काळात आलेलं पत्र त्या प्रतीत नव्हतंच, त्यामुळे ते गेलं. पाठवणाऱ्याला वाटतं पोचलं, तुम्हाला ते आल्याचा पत्ताच नाही. कुठेही चुकीचा संदेश नाही. घरच्या पत्राला पंधरा दिवस लागायचे त्या काळात ईमेलचं केवढं अप्रूप होतं, हे परदेशात राहिलेल्यांना ठाऊक आहे. त्यात हे असं.

यावरचा उपाय आपल्या एसटीतलाच! खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. टपालाच्या फाईलशेजारी ‘लॉक’ नावाची छोटी फाईल तयार करायची. ती आधीच असेल तर थांबायचं. पण रुमालाचा मान राखणाऱ्यालाच रुमाल दिसतो. शिवाय रुमाल टाकणारा गाडीत चढलाच नाही, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच मेला, तर जागा रिकामी आणि बाकीचे उभे. १९८३ मध्ये बर्कलेच्या युनिक्समध्ये ‘फ्लॉक’ आलं, १९८८ च्या पॉझिक्स प्रमाणकात ‘एफसीएनटीएल’ची कुलपं आली. पण हीसुद्धा बहुधा रुमालच, आणि कित्येक सिस्टिमवर एका जातीच्या रुमालाला दुसऱ्या जातीचा दिसत नसे. (पॉझिक्सचं तर आणखी एक: प्रोग्रॅमने तीच फाईल दुसरीकडे कुठे उघडून बंद केली की त्याची त्या फाईलवरची सगळी कुलपं निघतात. कोणाच्या डोक्यातून आलं असेल!)

त्यात १९८५ मध्ये सन कंपनीचं एनएफएस आलं. फाईल एका यंत्रावर, वापरणारे दहा यंत्रांवर. ‘नसेल तरच तयार कर’ ही एक अखंड आज्ञा त्या प्रोटोकॉलमध्ये नव्हतीच. आधी फाईल आहे का ते विचारायचं, मग तयार करायची. या दोन पावलांच्या फटीत दुसरा घुसला की दोघांनाही वाटणार, जागा आपलीच. ही सोय १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. तोवर लोक यंत्राचं नाव आणि प्रोसेस क्रमांक घालून वेगळीच फाईल बनवत, तिला कुलपाच्या नावाने ‘लिंक’ करत आणि मग लिंकांची संख्या दोन झाली का ते मोजत. जुगाड, पण चालायचा.

१९९० च्या दशकात डॅनियल बर्नस्टाईन यांनी क्यूमेलमध्ये कुलपाचा नादच सोडला. त्यांच्या मेलडिरमध्ये दर पत्राला स्वतःची फाईल. नावात वेळ, प्रोसेस क्रमांक आणि यंत्राचं नाव, म्हणजे दोघांचं नाव सहसा एक होणार नाही. पत्र आधी ‘टीएमपी’ डिरेक्टरीत पूर्ण लिहायचं, मग ‘न्यू’मध्ये न्यायचं. वाचणाऱ्याला अर्धवट पत्र कधी दिसतच नाही, आणि एक पत्र खोडताना दुसऱ्याला धक्का लागत नाही.

सगळ्यांनी ते लगेच उचललं मात्र नाही. त्या वेळच्या अनेक फाईल सिस्टिमना एका डिरेक्टरीत हजारो फाईली म्हणजे धाप लागायची, आणि सिस्टिम सांभाळणाऱ्यांचा आपल्या जुन्या रुमालांवर चांगलाच विश्वास होता.