परवडणारी रायफल: किंमतपत्रक काय सांगतं, काय नाही

पैसे मोजकेच, पण शिकारीची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल नवीच हवी. महायुद्धानंतरच्या अमेरिकेत अशा गिऱ्हाइकासाठी कारखान्यांनी काय केलं? रेमिंग्टनने १९४८ मध्ये '७२१' काढली: रिसीव्हर गोल पोलादातून लेथवर कातलेला, काही भाग पत्रा दाबून केलेले. सॅव्हेजच्या '११०'मध्ये (१९५८) नळी नटाने आवळली, त्यामुळे जुळणी सोपी झाली. विंचेस्टरने १९६४ मध्ये 'मॉडेल ७०'चा खर्च छाटला आणि झालं उलटंच: शिकारी त्याआधीच्या, वापरलेल्या रायफली शोधू लागले. म्हणजे बघा, किंमतपत्रकातून कारखानदाराचा अंदाज कळतो. गिऱ्हाइकाला 'परवडणं' म्हणजे काय वाटत होतं, ते जुन्या मालाच्या बाजारात दिसतं. फक्त पहिलं साधन वाचलंत, तर गिऱ्हाईक तुमच्या प्रबंधातून गायबच होईल.