भरतीच्या वेळी पाऊस

मुंबईच्या नकाशावर पायधुनी आणि उमरखाडी ही नावे शोधा. दोन्ही ठिकाणी आज पाण्याचा मागमूस नाही. पण एका नावात पाय धुणे आहे, तर दुसऱ्यात सरळ खाडीच आहे. पूर्वी वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडीतून भरतीचे पाणी आत शिरे व बेटांमधला सखल भाग बुडून जाई. ओहोटीला हा चिखल तुडवून पलीकडे आलेले लोक पाय धुऊन पुढे जात, असे पायधुनीबद्दल सांगतात.

विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. ही खिंड बांध घालून बुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. बांधाचे नाव पडले ‘हॉर्नबी वेलार्ड’ (पोर्तुगीजमध्ये ‘वालादो’ म्हणजे कुंपण किंवा बांध). आत मोठी जमीन मोकळी झाली आणि पुढच्या शतकात तिच्यावर वस्ती दाटली. समुद्र बाहेर राहिला खरा, पण जमिनीची उंची वाढली नाही. भरतीच्या पातळीपेक्षा ती खालीच होती. ज्या बांधाने समुद्राला अडवले, त्यानेच पावसाच्या पाण्याची बाहेर जायची वाटही अडवली. मग नाले खणायचे, त्यांच्या तोंडाशी दारे बसवायची, ओहोटीला ती उघडायची आणि भरतीला लावायची, हा उद्योग मुंबईच्या मागे कायमचा लागला.

पाणी उताराकडे वाहते, हे आपण चौथीच्या वर्गात शिकवतो. मुंबईत हा उतार दिवसातून दोनदा उलटा होतो. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. शहराच्या पर्जन्यवाहिन्या १८६ ठिकाणी समुद्राला, खाड्यांना मिळतात. त्यांपैकी ४५ मुखे सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत. १३५ मुखे त्या पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीतही उघडी राहणारी मुखे उरतात फक्त सहा!

आता वाहिन्यांचा आकार कसा ठरला ते पाहू. जुना हिशेब असा होता: तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरायचा, तोही ओहोटीच्या वेळी, आणि पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल असे मानायचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, एवढे माहीत असले की पुढचे गणित मुलेही करतील. एक हेक्टर जागेवर तासाला २५० घनमीटर पाणी पडेल आणि वाहिनीत १२५ घनमीटर येईल. १९८५ च्या पुरानंतर महानगरपालिकेने नेमलेल्या सल्लागारांनी १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाने ओळखला जाणारा अहवाल दिला. त्यात तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरावा, आणि काँक्रीट व डांबराने झाकलेल्या शहरात काहीच मुरत नाही असे मानावे, असे सुचवले होते. त्याच हेक्टरवरून आता ५०० घनमीटर पाणी येणार. पाऊस दुप्पट धरला, पण वाहिनीवरचा भार चौपट झाला. यातली निम्मी वाढ ढगांमुळे नव्हे, आपण जमिनीवर घातलेल्या आच्छादनामुळे झालेली आहे. शाळेच्या मैदानावर फरशी घालण्याची टूम निघते, तेव्हा हा आकडा आम्हांला आठवतो.

अहवाल बराच काळ कपाटात राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातला सुमारे १९० मिलिमीटर तर एका तासात पडला, आणि त्या दुपारी मोठी भरती होती. कुलाब्यात मात्र त्याच काळात ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नाही. शहरात चारशेहून अधिक माणसे दगावली. तासाला ५० मिलिमीटरच्या वाहिन्या असत्या तरी हे सारे पाणी त्यांत मावले नसते, हे मान्य करावे लागते. पण एरवीच्या पावसाळ्यात परळ-दादरच्या तळमजल्यांवर जे गुडघाभर पाणी शिरते, त्याला ही सबब चालत नाही.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुराची चौकशी केली, आणि २००७ मध्ये केंद्र सरकारने १२०० कोटी रुपये मंजूर केल्यावर जुन्या अहवालातली कामे पुढे सरकली. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया येथे उदंचन केंद्रे उभी राहिली. भरतीला दार लावून घ्यायचे आणि साठलेले पाणी पंपांनी उचलून समुद्रात टाकायचे, अशी त्यांची रीत. दार जुनेच आहे. त्याला आता पंपाची जोड मिळाली.

तरीही हिंदमाता तुंबतच राहिले. तो भाग बशीसारखा सखल आहे आणि समुद्रमुखापासून दूर. पाणी पंपापर्यंत पोहोचण्याआधीच बशी भरते. म्हणून पालिकेने तेथून जवळच्या मैदानाखाली व उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. हिंदमात्याचे पाणी पंपाने आधी या टाक्यांत सोडतात आणि ओहोटी लागली, पाऊस ओसरला की वाहिनीत ढकलतात. बेटांमधल्या खाजणांत पूर्वी पाणी असेच भरतीपुरते थांबून राहत असे.